गाणं प्लेलिस्टमध्ये पोहोचवायचं असेल तर: स्वतःची गाणी स्वतः काढणाऱ्या मराठी कलाकारांसाठी

आमचं पहिलं गाणं एका मंगळवारी रात्री मास्टर होऊन, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात फिरून, आलं आणि त्याच रात्री आम्ही ते डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे स्पॉटिफायसारख्या सेवांपर्यंत गाणं पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, साइटवर चढवलं. तारखेच्या रकान्यात 'शक्य तितक्या लवकर' असा एक पर्याय होता, तोच निवडला. चार दिवसांत गाणं सगळीकडे आलं. नातेवाइकांनी ऐकलं, मैत्रिणींनी स्टेटसला ठेवलं. मग एका ओळखीच्या गिटारवादकाने विचारलं, "स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवलं होतंस ना?" मी खातं उघडलं, पाठवायची जागा शोधली, आणि तिथं कळलं की ही सोय अजून प्रसिद्ध न झालेल्या गाण्यांसाठीच आहे. आठ महिने ज्या गाण्यावर राबलो, त्याची ही संधी तारखेच्या त्या एका रकान्यात गेली.

मी मिरजेची. चाली मी बांधते, गाते माझी मैत्रीण, आणि रेकॉर्डिंग घरातल्या मागच्या खोलीत होतं. त्यानंतरची गाणी काढताना जे समजत गेलं, ते खाली क्रमाने लिहिलंय. पाठीशी मोठी कंपनी नसताना, घरच्या घरी गाणं काढणाऱ्यांसाठी हे आहे. सुरुवातीलाच एक सांगते: प्लेलिस्टचं बहुतेक काम गाणं यायच्या आधी उरकायचं असतं.

आधी प्लेलिस्टचे प्रकार समजून घ्या

'माझं गाणं प्लेलिस्टमध्ये घ्या' असं म्हणताना नेमकी कोणती प्लेलिस्ट, हे ठाऊक हवं. तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींचे रस्ते वेगळे.

पहिली संपादकीय. ती स्पॉटिफायसारख्या सेवेत नोकरी करणारी माणसं हाताने निवडून करतात. दुसरी यंत्राने प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी बनवलेली. स्पॉटिफायवर दर शुक्रवारी येणारं रिलीज रडार, दर सोमवारी येणारं डिस्कव्हर वीकली, एखादं गाणं संपल्यावर आपोआप सुरू होणारा रेडिओ, हे सगळं यात आलं. तिसरी तुमच्या-आमच्यासारख्या श्रोत्यांनी केलेली.

नवखी मंडळी पहिलीच्याच मागे लागतात. माझा अनुभव असा की टिकाऊ श्रोते दुसरीतून मिळतात, आणि दुसरीचं दार तिसरी उघडते. लोक तुमचं गाणं स्वतःच्या यादीत टाकतात, पुन्हा ऐकतात, तेव्हाच यंत्राला ते आणखी कुणाला ऐकवायचं हे उमगतं.

काय काय जवळ हवं

- गाण्याची वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट. एमपीथ्रीचं वेव्हमध्ये रूपांतर करून देऊ नका, गुणवत्ता परत येत नाही.
- चौकोनी कव्हर, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव, कुठल्या सेवेचा लोगो असलं काही नको. कव्हर परत येण्याचं हेच मुख्य कारण असतं.
- गीतकार, संगीतकार, गायिका, संयोजक, वादक यांची पूर्ण नावं, शुद्धलेखन तपासून.
- गाण्याचे शब्द देवनागरीत टाइप केलेले.
- पॅन कार्ड आणि त्याच नावाचं बँक खातं.
- डिस्ट्रिब्युटर अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म. तो भरला नाही तर अमेरिकेतून होणाऱ्या कमाईतून ३० टक्के कापले जाऊ शकतात. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर हा दर १५ टक्क्यांपर्यंत येतो. फॉर्ममध्ये पॅन नंबर लागतो.
- सहभागी सगळ्यांच्या सहीचा एक कागद. त्याबद्दल लगेच सांगते.

१. हक्कांचा कागद गाण्याआधी करा

प्लेलिस्टचा आणि कागदाचा काय संबंध, असं वाटेल. गाणं बरं चालायला लागतं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी हक्क सांगतं. मग डिस्ट्रिब्युटर गाणं उतरवतो आणि ज्या प्लेलिस्टमध्ये ते होतं तिथून तेही जातं. म्हणून शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण, आलेले पैसे कसे वाटायचे, एवढ्या चार गोष्टी साध्या मराठीत एका पानावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं वाटत असेल तर मैत्रीसाठीच करा.

अभंग करणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. तुकोबांचे, ज्ञानोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. पण जी चाल लहानपणापासून कानावर आहे ती बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. आपल्या कायद्यात असे हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतात. 'पारंपरिक' असं लिहून भागत नाही. शब्द तेच ठेवून चाल स्वतः बांधा, नाहीतर रीतसर परवानगी घ्या.

यूट्यूबवरून घेतलेला 'फ्री' बीट, म्हणजे गाण्याखाली वाजवायचं तयार संगीत, हा दुसरा सापळा. तो बऱ्याचदा कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतो. परवाना विकत घेतला तरी तोच बीट आणखी पन्नास जणांनी वापरलेला असतो, आणि मग यूट्यूबची कंटेंट आयडी ही सारखं संगीत ओळखणारी यंत्रणा तुमच्या गाण्यावर दुसऱ्याचा दावा लावते.

गीतकार आणि संगीतकार असाल तर आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे. डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीची रॉयल्टी वेगळी असते आणि ती या वाटेने येते.

२. डिस्ट्रिब्युटर निवडा

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर आपल्याला थेट गाणं चढवता येत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. पैशाच्या दृष्टीने तीन पद्धती दिसतात. डिस्ट्रोकिडसारखे वर्षाची वर्गणी घेतात आणि हवी तेवढी गाणी टाकू देतात. सीडी बेबीसारखे एका गाण्याचे एकदाच पैसे घेऊन पुढे कमाईतला ९ टक्के हिस्सा ठेवतात. राउटनोटच्या मोफत योजनेत सुरुवातीला काही द्यावं लागत नाही, कमाईतले १५ टक्के कापले जातात.

वर्षाला एखादंच गाणं काढणार असाल तर वर्गणीच्या फंदात पडू नका. वर्गणी भरायची थांबली की गाणी उतरण्याचा धोका असतो, आणि ती कायम ठेवायला वेगळे पैसे लागतात. निवडताना दर सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा: जिओसावनला गाणं जातं का? इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहात जातं का? आयएसआरसी कोड माझा राहतो का?

हा आयएसआरसी म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगचा आधार नंबर समजा. बारा अक्षरांचा असतो, डिस्ट्रिब्युटर बहुधा फुकट देतो. तो कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागतो.

गावोगावी यूट्यूब चॅनेल चालवणारी काही मंडळी 'आमच्या लेबलवरून टाका, प्लेलिस्टचं आम्ही बघतो' म्हणतात. करारात मास्टरचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क कायमचे लिहून घेतलेले असतील तर सही करू नका. चॅनेलवर व्हिडिओ टाकायला हक्क विकावे लागत नाहीत. ठरावीक वर्षांची परवानगी पुरते.

३. नाव आणि स्पेलिंग एकदाच ठरवा

मराठी गाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्या दुसऱ्या गाण्याचं नाव 'पेरणी'. रोमन लिपीत ते कसं लिहायचं? पी-ई-आर-एन-आय? मध्ये एक ए घालून? शेवटी दोन ई? मी दहा मैत्रिणींना फोनवर फक्त नाव सांगितलं आणि शोधायला लावलं. दहा जणींनी चार तऱ्हांनी टाइप केलं. सहा जणींनी जे केलं तेच स्पेलिंग आम्ही ठरवलं. अर्ध्या तासाचं काम आहे. पोस्टर छापायच्या आधी करा.

कलाकाराच्या नावाचंही तेच. ऋतुजा हे नाव कुणी टीनंतर यू लावून लिहितं, कुणी मध्ये एच घालून. पहिल्या गाण्याला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं झालं की तुमची दोन पानं तयार होतात आणि श्रोते वाटले जातात. उलटंही घडतं: तुमच्याच नावाची दुसरी गायिका आधीपासून असेल तर तुमचं गाणं तिच्या पानावर जाऊन बसतं. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये 'हा कलाकार आधीपासून आहे का' असं विचारतात, तिथे आपल्या स्वतःच्या पानाची लिंक चिकटवा.

शीर्षक देवनागरीत की रोमनमध्ये, यावर मराठी कलाकारांत कायम वाद होतो. माझं मन देवनागरीकडे ओढतं. पण बहुतेक लोक फोनवर मराठी गाणं इंग्रजी अक्षरांतच शोधतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आम्ही शीर्षक रोमनमध्ये ठेवतो आणि शब्द, कव्हर, सगळं देवनागरीत. डिस्ट्रिब्युटरकडे दुसऱ्या लिपीतल्या शीर्षकासाठी वेगळा रकाना असेल तर तो जरूर भरा. एकाच शीर्षकात दोन्ही लिप्या कंस घालून कोंबू नका. आम्ही कोंबल्या होत्या, गाणं परत आलं आणि सहा दिवस गेले.

भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडायला विसरू नका. यादी इंग्रजीपासून सुरू होते आणि घाईत हिंदीवरच बोट थांबतं. भाषा चुकली की गाणं मराठी ऐकणाऱ्यांपर्यंत जायच्या वाटेवरच अडतं.

४. तारीख उलटी मोजा

गाणं ज्या दिवशी यावंसं वाटतं त्या दिवसापासून मागे मोजत या. स्पॉटिफायच्या संपादकांना निदान ७ दिवस आधी पाठवलं, तर ते तुमच्या फॉलोअरच्या रिलीज रडारमध्ये नक्की जातं. ही किमान मुदत आहे. संपादकांना ऐकायला वेळ मिळावा म्हणून मी ३ आठवडे धरते. त्याआधी डिस्ट्रिब्युटरची तपासणी असते, तिला काही दिवस लागतात आणि चूक निघाली तर दुप्पट. म्हणजे मास्टर हातात आल्यापासून ५ आठवड्यांनंतरची तारीख. ऐकायला लांब वाटतं, पण हे आठवडे पुढे कामाने भरतात.

वार शुक्रवार ठेवा. २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारीच येतं आणि नव्या गाण्यांच्या याद्याही त्याच दिवशी बदलतात.

सणाचं गाणं असेल तर पंचांग उघडा. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या दिवशी सोडलं तर उशीर झालेला असतो. मंडळांच्या याद्या, ढोलपथकांची तालीम, रील करणाऱ्यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. वारीचं गाणं पालख्या निघायच्या आधी, हळदीचं गाणं तुळशीच्या लग्नाच्या आधी. आमची 'पेरणी' मृग लागायच्या आठवड्यात यायला हवी होती, म्हणजे ७ जूनच्या आसपास. एप्रिल संपता संपता मास्टर तयार होता, त्यामुळे जमलं.

५. कलाकाराचं खातं ताब्यात घ्या

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स हे वेगळं खातं आहे, फुकट मिळतं. काही डिस्ट्रिब्युटर आपल्याच साइटवरून ते लगेच जोडून देतात. पहिलंच गाणं असेल तर ते डिस्ट्रिब्युटरकडून स्पॉटिफायला पोहोचलं की खातं मागता येतं, गाणं प्रसिद्ध व्हायची वाट बघावी लागत नाही.

खातं मिळालं की फोटो आणि चार ओळींची ओळख टाका. संपादक गाणं ऐकतात आणि पानावरही येतात. मोकळं पान म्हणजे कुलूप लावलेलं घर वाटतं. ॲपल म्युझिक फॉर आर्टिस्ट्स आणि ॲमेझॉन म्युझिक फॉर आर्टिस्ट्सचीही खाती त्याच दिवशी मागून ठेवा.

शब्द म्युझिक्समॅच या गाण्यांच्या शब्दांच्या साइटवर चढवून ओळीओळीने वेळ जुळवून द्या, ते स्पॉटिफायवर दिसतात. मराठी गाण्यांत हे फार कमी जण करतात. इंदूर-बडोद्यात वाढलेली आपली मुलं, ज्यांना मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळतात, ती ओळींवर नजर ठेवून गाणं पाठ करतात. माझ्या भाचीनेच तसं केलं.

६. पिच लिहा

आता मुख्य काम. पिच म्हणजे संपादकांना गाण्याची ओळख करून देत ते यादीसाठी पाठवणं. खात्यात 'येऊ घातलेली गाणी' या विभागात तुमचं गाणं दिसतं, त्याच्यासमोर पिच करायचं बटण असतं. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं. अल्बम असेल तर त्यातलं एक निवडावं लागतं. दुसऱ्याच्या गाण्यात तुम्ही पाहुणे कलाकार असाल तर पिच तुम्हाला करता येत नाही, मुख्य कलाकारालाच करावी लागते.

आधी प्रकार, मूड, भाषा, वाद्यं निवडायची असतात. इथे खरं तेच निवडा. लोकगीत असेल तर लोकगीत म्हणा. पॉपमध्ये गर्दी जास्त, म्हणून पॉप निवडलं तर ते चुकीच्या संपादकापुढे जातं आणि तो दहा सेकंदांत पुढच्या गाण्याकडे वळतो.

मग येतो ५०० अक्षरांचा रकाना. मोकळ्या जागा धरून ५००. आम्ही तो इंग्रजीत भरतो, इथे मराठीतून दाखवते. आमचा पहिला प्रयत्न असा होता:

"हे अतिशय सुंदर आणि हृदयस्पर्शी गाणं आहे. आम्ही यावर खूप मेहनत घेतली आहे. सर्व वयोगटांतील श्रोत्यांना ते नक्की आवडेल. कृपया आम्हाला संधी द्यावी."

यात संपादकाच्या कामाचं एकही वाक्य नाही. सुंदर आहे की नाही हे तो ऐकून ठरवणारच आहे. गाणं कुठल्या यादीत, कुठल्या गाण्याशेजारी बसेल आणि आत्ताच का, हे त्याला हवं असतं. पाठवण्याआधी बदलून आम्ही हे लिहिलं:

"पाऊस लांबलेल्या जूनमध्ये, शेताच्या बांधावर बसलेल्या दोन बहिणींचं बोलणं. मध्यम लय, एक स्त्री आवाज, मिरजेत घडवलेली सतार, संबळ आणि बास गिटार. नव्या मराठी लोकसंगीताच्या आणि पावसाळी गाण्यांच्या यादीत बसेल. मृग नक्षत्राच्या आठवड्यात येत आहे. गाण्याच्या दिवशी शेतात चित्रित केलेला व्हिडिओ येईल, पुढच्या दोन आठवड्यांत सांगली आणि कोल्हापुरात कार्यक्रम आहेत."

सतारीचा उल्लेख मुद्दाम केला. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमच्या गाण्यात वाजलेली सतार आमच्याच गल्लीत तयार झालेली. अशी एखादी गोष्ट तुमच्याही गाण्यात असते: शब्द मालवणीत असतील, ठेका हलगीचा असेल, गाणं आजीच्या ओवीवरून सुचलं असेल. ती शोधा आणि सरळ सांगा. विशेषणं काढून टाका, नामं ठेवा. तुमच्या तयारीतलं जे खरं आहे तेच लिहा. न ठरलेले कार्यक्रम आणि न झालेली बातमी लिहू नका.

पाठवल्यावर पिच बदलता येते, गाणं येईपर्यंत. व्हिडिओचं नक्की झालं, कार्यक्रम वाढला तर लगेच भर घाला.

आणि मग शांत राहा. निवड झाली तर कळवतात. झाली नाही तर काहीच येत नाही. 'पेरणी'ची निवड झाली नाही. त्या शुक्रवारी मी सकाळी सहापासून फोन हातात घेऊन बसले होते. पण सात दिवसांची मुदत पाळल्यामुळे रिलीज रडारमधून ती आमच्या त्या वेळच्या सगळ्या फॉलोअरकडे गेली. पहिल्या गाण्याच्या वेळी तेही झालं नव्हतं.

७. बाकीच्या सेवा विसरू नका

जुने मार्गदर्शक वाचताना तारीख बघा. रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं, विंक म्युझिकही २०२४ मध्येच आवरतं घेतलं. त्यांच्यावर अजून सल्ले फिरताहेत.

ॲमेझॉन म्युझिकच्या कलाकार-ॲपमधून नवं गाणं थेट पिच करता येतं. ॲपल म्युझिककडे पिच करायची वाट डिस्ट्रिब्युटर किंवा लेबलमार्फत जाते, म्हणून डिस्ट्रिब्युटरला ई-मेल करून विचारा की ते कुणाची गाणी पुढे पाठवतात. सगळेच पाठवत नाहीत. जिओसावनसाठीही तसंच विचारा. आपल्या गावाकडचा बराच श्रोता तिथे आहे.

यूट्यूबवर डिस्ट्रिब्युटरने चढवलेली गाणी एका 'टॉपिक' चॅनेलवर जातात आणि तुमचं स्वतःचं चॅनेल वेगळं राहतं. दोन्ही एकत्र करून अधिकृत कलाकार चॅनेल करून मागा. हे मागणंही डिस्ट्रिब्युटरमार्फत करता येतं.

रील करताना एक काळजी घ्या. तुम्ही स्वतःच व्हिडिओत गाणं वाजवून टाकलंत तर ते 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून चढतं, आणि रील गाजली तरी लोक मूळ गाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. इन्स्टाग्रामच्या संगीतसंग्रहात आपलं गाणं दिसायला लागलं की तिथूनच निवडा.

८. श्रोत्यांच्या प्लेलिस्टपर्यंत कसं जायचं

आधी स्वतःची एक प्लेलिस्ट करा, आणि ती निव्वळ आपल्या गाण्यांची नको. आमची 'पेरणी ते सुगी' अशी चाळीस गाण्यांची यादी आहे. शेती, पाऊस, ओव्या, जुनं-नवं सगळं. त्यात आमची दोन गाणी, पहिलं पाचव्या नंबरवर. दर पंधरा दिवसांनी चार गाणी बदलतो. ज्या नव्या कलाकारांची गाणी घेतो त्यांना कळवतो. बदल्यात काही मागत नाही, पण बऱ्याच जणांनी आपणहून आमचं गाणं त्यांच्या यादीत घेतलं.

मग दुसऱ्यांच्या याद्या. आपल्यासारखी गाणी करणाऱ्या, आपल्याएवढ्याच किंवा थोड्या मोठ्या कलाकाराचं पान उघडा. खाली 'डिस्कव्हर्ड ऑन' असा भाग असतो. त्याचे श्रोते कुठल्या याद्यांमधून येतात हे तिथे दिसतं. त्यातल्या श्रोत्यांनी केलेल्या याद्या वहीत उतरवा. यादी करणाऱ्याचं नाव इन्स्टाग्रामवर सापडलं तर लिहा, पण ती यादी पूर्ण ऐकल्याशिवाय लिहू नका. "ताई, तुमच्या यादीतलं तिसरं आणि नववं गाणं माझ्या गाडीत कायम असतं, आमचं हे गाणं त्यांच्या जवळचं वाटतं, वेळ मिळाला तर ऐका" एवढं पुरे. एकच मजकूर पन्नास जणांना चिकटवला तर तो ओळखू येतो.

सबमिटहब आणि ग्रूव्हर अशा सेवांवर थोडे पैसे भरून यादी करणाऱ्यांना गाणं ऐकवता येतं. ते पैसे ऐकून मत देण्याचे असतात, यादीत घेण्याचे नसतात. मराठी ऐकणारे क्युरेटर, म्हणजे यादी करणारे, तिथे फार थोडे आहेत. वाद्यसंगीत किंवा इलेक्ट्रॉनिक बाजाचं काही करत असाल तर उपयोग होईल. शब्दांवर उभं असलेलं गाणं असेल तर ते पैसे व्हिडिओवर घालवा, असं माझं मत आहे.

महाराष्ट्राबाहेरची मंडळं हाही एक रस्ता आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. उत्तर अमेरिकेत गावोगावी मंडळं आहेत. गणपती, दिवाळी, पाडव्याच्या कार्यक्रमाआधी तिथले लोक नवी गाणी शोधत असतात. नाच बसवायला गाणं घेतलं की तीस घरांत ते महिनाभर वाजतं.

९. स्ट्रीम विकत घेऊ नका

'पेरणी'नंतरच्या गाण्याच्या वेळी मला इन्स्टाग्रामवर एक निरोप आला. तीन हजार रुपये द्या, मोठ्या प्लेलिस्टमध्ये टाकतो, दहा हजार स्ट्रीम पक्के. स्ट्रीम म्हणजे गाणं एकदा ऐकलं गेल्याची नोंद. संपादकीय निवड न झाल्याचं मनात होतं. मी पैसे भरले.

पाच दिवसांत सहा हजार स्ट्रीम आले. घरी पेढे वाटले. सहाव्या दिवशी मी श्रोत्यांच्या शहरांची यादी उघडली. वर कायम सांगली, पुणे, कोल्हापूर असायचं. आता पहिल्या नंबरवर परदेशातलं एक शहर होतं जिथे आमचं गाणं समजणारं कुणी असण्याचं कारण नव्हतं. सहा हजार स्ट्रीम आणि गाणं सेव्ह करणारे चार जण. दोन आठवड्यांनी डिस्ट्रिब्युटरचा ई-मेल आला की कृत्रिम, म्हणजे खऱ्या श्रोत्यांशिवाय वाढवलेले, स्ट्रीम आढळल्यामुळे गाणं उतरवलं आहे. ते परत यायला दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. तोवर त्याचा हंगाम गेला होता. माझ्या मैत्रिणीने त्या गाण्यासाठी तापात रेकॉर्डिंग केलं होतं.

यादीत जागा विकणं स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. २०२४ पासून उघड कृत्रिम स्ट्रीम सापडले तर ते त्या गाण्यामागे लेबल-डिस्ट्रिब्युटरांना दंड लावतात, आणि काही डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराकडून वसूल करतात. 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही.

अशी यादी ओळखायच्या खुणा: आकड्याची हमी दिली जाते. यादीत लावणीशेजारी जर्मन टेक्नो आणि त्याशेजारी झोपेसाठीचं संगीत असतं. यादी करणाऱ्याचा कुठेही चेहरा नसतो. त्या यादीतल्या छोट्या कलाकारांची पानं उघडली तर महिन्याचे श्रोते हजारोंनी आणि फॉलोअर वीस-पंचवीस. न मागता अशा यादीत तुमचं गाणं घुसलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून स्पॉटिफायकडे तक्रार करा आणि डिस्ट्रिब्युटरला त्याच दिवशी कळवा. आपण आधी कळवलंय, हे पुढे उपयोगी पडतं.

१०. गाणं आल्यावर काय बघायचं

स्ट्रीम ३० सेकंदांनंतर मोजला जातो. म्हणून आमच्या तिसऱ्या गाण्यातला ४० सेकंदांचा नुसता आलाप आम्ही १२ सेकंदांवर आणला. तुमच्या गाण्याला मोठी सुरुवातच शोभत असेल तर ती कापू नका, पण कापायची की नाही हे एकदा बसून ठरवा.

रोज आकडा बघू नका. आठवड्यातून एकदा, रविवारी, तीन गोष्टी वहीत लिहा: किती जणांनी ऐकलं, किती जणांनी सेव्ह केलं किंवा स्वतःच्या यादीत टाकलं, आणि कुठल्या शहरांत. शंभर जणांनी ऐकून पंधरा जणांनी सेव्ह केलं तर गाण्यात दम आहे, आणखी लोकांपर्यंत न्यायची मेहनत करा. हजारांनी ऐकून पाच जणांनी सेव्ह केलं तर गाणं चुकीच्या माणसांपुढे वाजतंय. आमच्या यादीत एकदा बेळगाव वर आलं. मग आम्ही पुढची रील बेळगावच्या मैत्रिणीकडून तिच्या बोलीत करून घेतली, आणि तिथले श्रोते टिकले.

गाणं रिलीज रडारमध्ये चार आठवड्यांपर्यंत येऊ शकतं, म्हणून सगळी शक्ती पहिल्या दिवशी संपवू नका. पहिल्या आठवड्यात व्हिडिओ, दुसऱ्यात शब्दांमागची गोष्ट, तिसऱ्यात नुसत्या सतारीवरचं रूप, असं पुरवून वापरा.

पैशाचंही समजून असा. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे आधीच्या १२ महिन्यांत निदान १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे वर्षाला बारा गाणी सोडून प्रत्येकाला तीनशे स्ट्रीम मिळवण्यापेक्षा तीन गाणी नीट पोहोचवलेली बरी.

आणि कधी डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर आधी जुन्याकडून गाणं उतरवू नका. नव्याकडे तीच फाइल, तेच शीर्षक, तेच कलाकाराचं नाव आणि तोच आयएसआरसी देऊन गाणं आधी चढवा. दोन्ही ठिकाणचे आकडे जुळलेले दिसले, प्लेलिस्टमधली जागा तशीच राहिली, की मग जुनं उतरवा. आम्ही हे करताना वहीतला तो बारा अक्षरांचा कोड शोधायलाच एक संध्याकाळ गेली, म्हणून तो गाण्याच्या फाइलच्या नावातच लिहून ठेवा.